पार्सलमधून आलेल्या रोपाला आधी सावरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात घरपोच मागवल्या जाणाऱ्या शोभेच्या रोपांविषयी जो लेख आला, तो मी आवडीने वाचला. रोपांची निवड कशी करावी हे लेखकाने चांगले सांगितले आहे; परंतु शेवटच्या परिच्छेदात ‘रोप हाती पडताच ते मोठ्या कुंडीत, खत घातलेल्या मातीत लावावे, भरपूर पाणी द्यावे आणि उन्हात ठेवावे’ असा जो सल्ला दिला आहे, त्याला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या एका वाक्यात चार कृती आहेत आणि नुकताच प्रवास करून आलेल्या रोपाच्या बाबतीत त्या चारही चुकीच्या वेळी सांगितल्या गेल्या आहेत. हे मी कोणत्या पदाच्या अधिकाराने म्हणत नाही. अगदी याच क्रमाने मी स्वतः बरीच रोपे मारली आहेत, आणि प्रत्येक वेळी दोष पाठवणाऱ्याच्या माथी मारून मोकळा झालो आहे.

खोके बंद होते त्या क्षणापासून रोपाची मिळकत थांबते आणि खर्च मात्र चालू राहतो. काळोखात प्रकाशसंश्लेषण होत नाही, पण श्वसन थांबत नाही. त्यामुळे पानांत, खोडात आणि मुळांत साठवलेली शर्करा आणि पिष्ट यांवर रोप दिवस काढते. तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांत चार दिवस राहिलेले रोप आणि तापलेल्या गाडीत ३५ अंशांत तेवढेच दिवस राहिलेले रोप खोके उघडताना सारखेच दिसले, तरी दुसऱ्याने पहिल्याच्या अडीच-तीन पट साठा संपवलेला असतो. पहिल्याला आपल्या हातून होणाऱ्या ज्या चुका पचतात, त्या दुसऱ्याला पचत नाहीत. त्यामुळेच एकाच ठिकाणाहून, एकाच प्रकारची दोन रोपे मागवून एक जगले आणि एक गेले, असा अनुभव अनेकांना येतो आणि त्याचे कारण नशिबात शोधले जाते.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत रस्त्यावरचे दिवे दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर जळत, आणि जिथे जमिनीखालची नळी गळत असे तिथली झाडे अवेळी पाने टाकत. त्या वायूतील इथिलीन हा घटक रोपांवर परिणाम करतो, हे १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव यांनी वाटाण्याच्या कोवळ्या रोपांवरून दाखवले. आणि वनस्पती स्वतःही इथिलीन वायू तयार करतात याचा रासायनिक पुरावा १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी दिला. पान चुरगळले, देठ मोडला, खोड दाबले गेले, की रोपातून इथिलीन अधिक सुटू लागतो. मोकळ्या हवेत तो विरून जातो. बंद खोक्यात तो साचतो, आणि हवेच्या दहा लाख भागांत एक भाग किंवा त्याहूनही कमी एवढे प्रमाण पुष्कळ रोपांना बाधायला पुरते. देठाच्या बुडाशी असलेला पेशींचा पातळ थर सैल होऊ लागतो, पाने पिवळी पडतात, कळ्या न उमलता गळतात. फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या भरलेल्या दांडीवरच्या कळ्या घरी आल्यावर एकेक करून सुकतात तेव्हा आपण पाण्याला किंवा हवेला दोष देतो, पण पुष्कळदा त्या सुकण्याचे ठरलेले असते ते खोक्यातच. म्हणूनच खोके आल्याबरोबर उघडावे, सवड मिळाल्यावर नव्हे. आणि बाहेर काढलेले रोप पिकत असलेल्या फळांजवळ ठेवू नये, कारण तीही हाच वायू सोडतात.

इथे थोडे विषयांतर करतो. रोपांना लांबच्या प्रवासात जिवंत ठेवणे हा प्रश्न आजचा नाही. चीनमधून इंग्लंडला जहाजाने पाठवलेल्या हजार रोपांमागे एखादेच जिवंत पोहोचते, असा अंदाज जॉन लिव्हिंगस्टन या चीनच्या किनाऱ्यावरील मकावमधील डॉक्टराने १८१९ मध्ये मांडला होता. खारे तुषार, गोड्या पाण्याची टंचाई आणि जहाजाच्या तळातला अंधार यांत रोपे मरत. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास, पतंगाचा कोष ठेवलेल्या बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा आपोआप उगवलेला दिसला, आणि त्यावरून त्यांनी काचेची बंद पेटी तयार केली. १८३३ मध्ये अशा पेट्या भरून रोपे सिडनीला गेली आणि काही महिन्यांच्या प्रवासानंतरही तजेलदार निघाली. आतले पाणी बाष्प होऊन काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे, हा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. परंतु ती पेटी काचेची होती आणि डेकवर उजेडात ठेवली जाई, हा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. आपल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ओलावा टिकतो, उजेड मात्र नसतो. त्या पेटीत रोप महिने काढू शकत होते, आपल्या खोक्यात ते दिवस मोजत असते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो, तो पाण्याचा. रोप बाहेर काढल्यावर ते बऱ्यापैकी ताठ दिसते, आपल्याला हायसे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते मान टाकते. याचे कारण असे की खोक्यात हवा दमट होती आणि अंधारामुळे पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, बहुतांश मिटलेली होती, त्यामुळे पानांतून फारसे पाणी जात नव्हते. उजेडात आल्यावर रंध्रे उघडतात, कोरड्या हवेत बाष्प वेगाने बाहेर पडू लागते आणि मुळांकडे मागणी जाते. पण मुळांवरचे बारीक मूळरोम, ज्यांच्याकडून पाणी शोषण्याचे बरेचसे काम होते, ते एकेका पेशीचे आणि अतिशय नाजूक असतात. कुंडीतून उपसताना, माती हलताना, खोके आपटताना ते हजारोंनी तुटलेले असतात. मागणी वाढली आणि पुरवठा करणारे हात कमी झाले, म्हणून रोप मान टाकते. ही तहान मातीत पाणी नसल्यामुळे लागलेली नसते, तर असलेले पाणी ओढता येत नसल्यामुळे लागलेली असते. हा फरक ज्याला कळला त्याची निम्मी रोपे वाचली असे मी म्हणेन, कारण अशा वेळी बहुतेक जण आणखी पाणी घालतात. चिंब मातीतली हवा निघून जाते, जखमी मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजू लागतात. कुजल्यामुळे रोप आणखी मलूल होते आणि ते मलूल झाले म्हणून आणखी पाणी घातले जाते.

म्हणून पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत दोन पेरांपर्यंत घालून पाहावे. आत ओल लागली तर पाण्याला हात लावू नये, मग पाने कितीही लोंबत असोत. अशा रोपाला सावली आणि हवेतील ओलावा द्यावा, पाणी नव्हे. माती खरोखरच कोरडी असेल तर एकदा नीट, खालच्या छिद्रातून ओघळेपर्यंत पाणी द्यावे, बशीत साचलेले ओतून टाकावे आणि मग पुन्हा बोटानेच विचारावे. यात एक अडचण येते. पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा) किंवा तत्सम हलके माध्यम पूर्ण सुकले की ते पाणी धरेनासे होते; वरून ओतलेले पाणी कुंडीच्या कडेने खाली पळते, बशी भरते, आणि आतला गोळा कोरडाच राहतो. कुंडी उचलून पाहिली तर हे लगेच कळते, कारण पाणी प्यायलेली कुंडी हाताला जड लागते. अशी कुंडी पसरट भांड्यात, दोन-तीन बोटे कोमट पाण्यात, अर्धा तास ठेवून खालून पाणी चढू द्यावे आणि नंतर निथळत ठेवावी. पाणी खोलीच्या तापमानाचे असावे. उन्हातून आलेल्या तापलेल्या रोपावर थंडगार पाणी ओतण्याचा मोह टाळून ते आधी सावलीत निवू द्यावे.

उन्हाबद्दलचा सल्ला पाण्याच्या सल्ल्याइतकाच घातक आहे. चार-पाच दिवस काळोखात राहिलेल्या पानांची प्रखर प्रकाश झेलण्याची तयारी मोडलेली असते. भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाश साधारण १ लाख लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) असतो आणि खोलीत खिडकीपासून दोन-तीन मीटर आत तो कित्येकदा काहीशे लक्सवर येतो. मानवी डोळा हा फरक सहज सावरून घेतो, म्हणून आपल्याला तो जाणवत नाही. काळोखातून थेट उन्हात ठेवलेल्या रोपाच्या पानांवर दोन दिवसांत फिकट, कागदासारखे पांढुरके डाग पडतात आणि ते डाग पुन्हा कधीच हिरवे होत नाहीत. पहिले तीन-चार दिवस रोप खिडकीपासून थोडे दूर, जिथे दिवसा दिवा न लावता पुस्तक वाचता येईल अशा जागी ठेवावे; नंतर हळूहळू खिडकीजवळ सरकवावे. ज्या रोपांना ऊन मानवते, त्यांनाही सकाळच्या कोवळ्या उन्हापासून सुरुवात करून पूर्ण उन्हापर्यंत यायला दोन आठवडे द्यावेत. उलट बाजूची चूकही होते. बिचारे दमले आहे म्हणून काही जण रोप अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात, आणि ज्याचा साठा आधीच संपत आला आहे त्याचा उपास आणखी लांबवतात.

पाने गळण्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत अधिक घाबरगुंडी तिथे उडते आणि घाबरलेला माणूस काहीतरी करून बसतो. काही वर्षांपूर्वी मी एक फायकस बेंजामिना मागवला. माझ्या छातीएवढा, दाट, चकचकीत पानांचा. बारा दिवसांत त्याने शेंड्याकडची मूठभर पाने सोडून सगळी पाने टाकली. रोज सकाळी जमिनीवर पानांचा सडा पडलेला असे आणि मी रोज एक नवा उपाय करत असे. जागा बदलली, पाणी वाढवले, मग घाबरून बंद केले. शेवटी टाकून देण्यापूर्वी नखाने खोडाची साल किंचित खरवडली, तर आत ओलसर हिरवा रंग दिसला. तेव्हा कुंडी एका उजेडाच्या जागी ठेवली आणि तिला हलवायचे नाही असे ठरवले. पाने नव्हती म्हणून पाणी फारच कमी लागे, आठ-दहा दिवसांनी थोडेसे. पाचव्या आठवड्यात पानांच्या खुणांशेजारचे डोळे फुगले आणि पोपटी टोके बाहेर आली. नवी पाने आधीच्या पानांपेक्षा पातळ होती, रंगाने अधिक गडद होती, आणि ती टिकली.

नवी पाने वेगळी का होती, याचे उत्तर पुढे वाचताना सापडले. भर उन्हात वाढलेल्या रोपाची पाने जाड आणि लहान असतात, त्यांचा स्वतःचा खर्च मोठा असतो, आणि तो भागवण्यासाठी त्यांना उजेडही मोठा लागतो. खोलीतल्या उजेडात ती कमावतात त्यापेक्षा अधिक खातात. मग रोप ती काढून टाकते आणि कमी उजेडात भागेल अशी पातळ पाने नव्याने घडवते. फ्लोरिडातील अपोप्का येथील संशोधन केंद्रात चार्ल्स कॉनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी १९७० च्या दशकात नेमका याच प्रश्नाचा अभ्यास केला. विक्रीपूर्वी काही आठवडे किंवा महिने सावलीत ठेवून आणि खत कमी करून सवय लावलेली रोपे घरात गेल्यावर कितीतरी कमी पाने टाकतात, असे त्यातून दिसून आले. म्हणजे माझ्या फायकसने टाकलेली पाने हा आजार नव्हता, तर बदललेल्या मिळकतीप्रमाणे केलेली काटकसर होती. मी रोज जागा बदलत होतो तेव्हा त्याला प्रत्येक वेळी नव्याने हिशेब मांडावा लागत होता, आणि निम्म्या गळतीचा दोष माझ्याकडेच जातो.

पिवळी पडू लागलेली पाने लगेच तोडू नयेत, हेही यातूनच येते. जुने पान मरताना रोप त्यातील नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम हे घटक मागे ओढून नव्या फुटीकडे वळवते. उपाशी रोपाच्या दृष्टीने ती पाने म्हणजे शिदोरी असते. पान पूर्ण पिवळे होऊन हलक्या स्पर्शाने सुटू लागले की मग काढावे. याला अपवाद आहे तो खोक्यातच काळ्या पडलेल्या, लिबलिबीत झालेल्या पानांचा. त्यांत परत घेण्यासारखे काही उरलेले नसते आणि दमट हवेत त्यांवर करडी बुरशी धरून ती शेजारच्या पानांवर जाते. ती स्वच्छ कात्रीने पहिल्याच दिवशी कापून टाकावीत. अर्धवट मोडलेल्या फांद्याही तशाच. त्याउलट खोक्यात आडवी झोपल्यामुळे वाकलेली पाने आणि शेंडे सरळ करायला जाऊ नये. उजेडाची दिशा कळली की रोप आठ-दहा दिवसांत ती स्वतः वळवून घेते, आणि आपण बांधायला गेलो तर मोडतात.

थंडीतून आलेल्या रोपाचे वेगळे आहे. उष्ण प्रदेशातील बहुतेक शोभेच्या रोपांना १० ते १२ अंशांखालचे तापमान सोसत नाही, अॅग्लोनेमासारख्या काहींना तर त्याच्या थोडे वरचेही सोसत नाही, आणि ही इजा लगेच दिसत नाही. रोप आले तेव्हा ठीक होते आणि चार दिवसांनी पानांवर पाण्याने भिजल्यासारखे गडद चट्टे पडले, तर ते चट्टे घरातल्या कोणत्याही चुकीमुळे नसून वाटेतल्या एखाद्या रात्रीचे असण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी बुरशीनाशक मारत सुटण्यात अर्थ नाही. उबदार जागा द्यावी, पाणी बेताने द्यावे आणि नवे पान कसे येते ते पाहावे.

हवेतील ओलाव्यासाठी फवाऱ्याने पाणी मारण्याचा प्रघात आहे. त्याने फार काही साधत नाही. पानांवरचे पाणी काही मिनिटांत उडून जाते आणि खोलीची हवा होती तितकीच कोरडी राहते. खरोखर गरज असेल, म्हणजे नेचे, कॅलेथिया, फिटोनिया अशा पातळ पानांच्या रोपांना, तर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी काड्यांच्या आधाराने रोपावर सैलसर घालावी, दोन दिवसांनी तिला भोके पाडावीत आणि आठ-दहा दिवसांत ती टप्प्याटप्प्याने उघडावी. पिशवी घातलेले रोप उन्हात मुळीच ठेवू नये, आत भट्टी होते. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) बाटलीत तयार केलेली इवली रोपे कोणी मागवत असेल तर त्याने हा काळ तीन-चार आठवड्यांचा धरावा, कारण बाटलीतल्या जवळजवळ शंभर टक्के आर्द्रतेत वाढलेल्या त्या पानांवर मेणाचा थर नीट तयार झालेला नसतो आणि त्यांची रंध्रे वेळेवर मिटतही नाहीत.

स्नेक प्लांट, झीझी प्लांट, कोरफड, निवडुंग यांच्याबाबत हे सगळे उलटे करायचे. त्यांच्या पानांत, खोडांत किंवा जमिनीखालच्या गाठींत पाणी भरलेले असते, आठ-पंधरा दिवसांच्या प्रवासाचे त्यांना काही वाटत नाही, आणि त्यांना मारायचे असेल तर आल्या दिवशी पाणी घालणे पुरते. तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकेपर्यंत, निदान आठवडाभर, त्यांना कोरडे ठेवावे.

कुंडी बदलण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दोन-तीन आठवडे तरी बदलू नये. उरलेसुरले मूळरोम मातीला घट्ट धरू लागलेले असतात, तेवढ्यात आपण गोळा उपसून पुन्हा सगळे तोडतो. मोठी कुंडी तर आणखी वाईट, कारण मुळे न पोहोचलेल्या मातीतले पाणी कोणी पीत नाही आणि ती माती दिवसेंदिवस ओली राहते. मात्र कुंडी फुटली असेल, मातीला आंबूस वास येत असेल, मुळे तपकिरी आणि बोटाने दाबल्यावर साल सुटणारी असतील, तर वाट पाहण्यात धोका आहे. कुजलेला भाग कापून, हवा खेळेल अशा भुसभुशीत मिश्रणात, मुळांच्या मानाने लहान कुंडीत रोप लगेच बसवावे. परदेशातून येणारी रोपे तर रोगकिडींच्या भीतीने माती धुऊन, मुळे ओल्या शेवाळात गुंडाळून पाठवली जातात. त्यांना कुंडी दिल्यावाचून गत्यंतर नसते. अर्धा तास कोमट पाण्यात मुळे ठेवावीत, मोडकी छाटावीत, लावावीत, आणि या रोपांना मात्र प्लास्टिकची पिशवी जरूर घालावी.

खताबद्दल एवढेच की नवी फूट दिसेपर्यंत ते देऊ नये. खतातील क्षार मातीतल्या पाण्यात विरघळले की जखमी मुळांना ते पाणी ओढणे आणखी अवघड होते.

एक काळजी अशी आहे की जी रोपासाठी नसून घरातल्या बाकीच्या रोपांसाठी आहे, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. नवीन रोप निदान तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी अतिशय बारीक कीड. तो उबदार हवेत, २७ अंशांच्या आसपास, अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत साधारण एका आठवड्यात पोहोचतो. म्हणजे पहिल्या दिवशी स्वच्छ दिसलेले रोप पंधरा दिवसांनी जाळ्यांनी भरू शकते. फुलकिडे आपल्या आयुष्याचा काही काळ मातीत काढतात, त्यामुळे पाने धुतल्यावरही ते परत दिसतात. पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत आणि कुंडीच्या कडेखाली कापसासारखा दडून बसतो, तर खवले कीड खोडाच्या रंगात अशी मिसळते की ती खोडाचाच भाग वाटावी. आल्यावर पानांची खालची बाजू भिंगाने पाहावी, रोप थोडे सावरले की कोमट पाण्याच्या हलक्या धारेने पाने दोन्ही बाजूंनी धुवावीत (आफ्रिकन व्हायोलेटसारखी लव असलेली पाने सोडून), आणि दर चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहावे. प्रवासाने दमलेल्या रोपावर कीड नसताना केवळ खबरदारी म्हणून औषध मारू नये. माझ्याकडची तीन जुनी, लेकुरवाळी मनी प्लांटची वेलं एका देखण्या नव्या पाहुण्यामुळे फुलकिड्यांच्या तोंडी गेली, तेव्हापासून पाहुण्याला वेगळी खोली देण्यात मी कुचराई करत नाही.

खोके उघडताना आणि नंतर दर आठवड्याला एक छायाचित्र काढून ठेवावे, असेही सुचवतो. तक्रार करायची झाली तर त्याचा उपयोग होतोच. पण खरा उपयोग असा की आपली आठवण रोपाच्या बाबतीत फारच लहरी असते. काल होते त्यापेक्षा आज वाईट दिसते, असे आपल्याला रोजच वाटते. आठवड्याच्या अंतराने काढलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की गळती थांबली आहे की चालू आहे, हे निर्विवाद कळते, आणि हात शिवशिवत असले तरी आवरता येतात.

शेवटी रोपे पाठवणाऱ्यांसाठी आपल्या स्तंभातून एक मागणी मांडतो. खोक्यात आकर्षक रंगीत पत्रके असतात, त्यांवर रोपाचे लॅटिन नाव आणि हवा शुद्ध करण्याविषयीची वचने असतात, पण ग्राहकाला पहिल्या दिवशी लागणारी माहिती नसते. रोप उघड्या उन्हात वाढवले होते की सावलीच्या जाळीखाली, खोके कोणत्या तारखेला बंद केले, शेवटचे पाणी केव्हा दिले आणि मुळे कोणत्या माध्यमात आहेत, या चार ओळी हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर आल्या तरी चालतील. पाठवणाऱ्याला ही माहिती असतेच, ती लिहायला अर्धे मिनिट लागते. ती मिळाली असती तर फायकस उन्हातून आला आहे हे मला पहिल्याच दिवशी कळले असते आणि बारा दिवस मी त्याला घरभर फिरवत बसलो नसतो. लेखाच्या लेखकांनी पुढील लेखात शेवटच्या परिच्छेदाची दुरुस्ती करावी, आणि शक्य झाल्यास तोवर ही चिठ्ठीची सूचना आपण छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक